कुस्ती बघून आढावा घ्यायला शिका: चार लढती आणि माझा एक हरलेला जून



या आठवड्याच्या व्हिडिओत मी 'सीझन संपल्यावर आढावा कसा घ्यायचा' यावर बोलत होतो आणि बोलता बोलता कुस्तीत शिरलो. व्हिडिओ बारा मिनिटांचा, त्यामुळे अर्धी गोष्ट राहूनच गेली. बऱ्याच जणांचे निरोप आले, "सर, ते लढतींचं नीट लिहून द्या, वहीत उतरवायचं आहे." म्हणून हा लेख. व्हिडिओ बघितला नसेल तरी हरकत नाही, इथे सगळं पहिल्यापासून आहे.

कुस्तीची आवड नसेल तरी वाचा. आणि आवड असेल तर थोडं सांभाळून वाचा, कारण आपल्या आवडत्या पैलवानाबद्दल शांत डोक्याने बोलणं फार कठीण असतं. आजचा धडा नेमका तोच आहे.

चिटणीस पार्क, जानेवारी २०१६

२०१५ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा आपल्या नागपुरात झाली होती, जानेवारी २०१६ मध्ये, महालातल्या चिटणीस पार्कवर. आमचं बॅग-छत्रीचं दुकान तिथून चालत दहा मिनिटांवर. बीबीए संपवून मी नुकताच गल्ल्यावर बसायला लागलो होतो. संध्याकाळी शटर लवकर पाडून आम्ही चार मित्र फायनल बघायला गेलो. जळगावकडचा विजय चौधरी आणि मुंबईचा विक्रांत जाधव. विजय जिंकला. हा त्याचा सलग दुसरा किताब होता. पुढे २०१६ चा जिंकून त्याने सलग तीनदा महाराष्ट्र केसरी होण्याचा मान मिळवला.

बाहेर येऊन चहाच्या टपरीवर आमची चर्चा सुरू झाली. एक म्हणाला, "विजयचा दमच वेगळा आहे." दुसरा म्हणाला, "विक्रांतचं नशीब नव्हतं." तिसरा पंचांवर घसरला. बाकड्यावर एक म्हातारे पैलवान बसले होते, मोडलेल्या कानाचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हारला हे तं सगळ्यायनं पाह्यलं. काऊन हारला ते सांगा ना बे."

आम्ही चौघेही गप्प. दोन तास बघून आम्हाला एक गुण कसा आला हे सांगता येत नव्हतं. मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली. कोण किती वेळ मागे सरकत होता, पकड कुठे सुटली, कोणाचा श्वास कधी लागला. आम्ही एकाच मैदानात बसलो होतो, पण त्यांनी लढत पाहिली आणि आम्ही फक्त निकाल पाहिला.

मंडळी, आपल्यापैकी बहुतेक दुकानदार सीझन असाच बघतात. गल्ला मोजतात, म्हणजे निकाल बघतात. लढत बघतच नाहीत.

गुण आणि तारे: आढाव्याचे दोन प्रकार

जगात कुस्तीचे दोन बाजार आहेत, आणि दोघांचा आढावा वेगळ्या पद्धतीने होतो.

पहिला बाजार म्हणजे टीव्हीवरची शो-कुस्ती. डब्ल्यूडब्ल्यूई आपण सगळ्यांनी बघितली आहे, आपला द ग्रेट खली २००७ मध्ये तिथे वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला होता. तिथे निकाल आधी ठरलेला असतो. म्हणून कोण जिंकलं यावर आढावा घेण्यात अर्थ नसतो. तिथे विचारतात की लढतीने प्रेक्षकाला धरून ठेवलं का? गोष्ट पटली का? शेवट घाईत झाला का? अमेरिकेतले डेव्ह मेल्टझर हे पत्रकार अनेक वर्षं प्रत्येक लढतीला तारे देतात. कमाल पाच तारे असा रिवाज. पण ४ जानेवारी २०१७ ला टोकियोत काझुचिका ओकाडा आणि केनी ओमेगा यांची पाऊण तासाहून जास्त चाललेली लढत झाली, तिला त्यांनी सहा तारे दिले. जगभर चर्चा झाली. लक्षात घ्या, त्या लढतीत ओमेगा हरला, पण नाव दोघांचं झालं.

दुसरा बाजार आपला: माती आणि गादी. इथे निकाल आधी ठरलेला नसतो, म्हणून इथे गुण मोजतात.

दुकानाला दोन्ही लागतात. किती विकलं, किती उरलं, किती मार्जिन सुटलं, हे झाले गुण. गिऱ्हाईक दुकानातून जाताना कसं गेलं, परत येईल का, हे झाले तारे. नुसते गुण मोजणारा दुकानदार रुक्ष होतो. नुसते तारे मोजणारा, "लोक लई खूश आहेत आपल्यावर" म्हणत म्हणत, कर्जात जातो.

नियम पाच मिनिटांत

लढतींकडे जाण्याआधी थोडे नियम, नाहीतर पुढचं कळणार नाही.

- महाराष्ट्र केसरीत दोन विभाग असतात, माती आणि गादी. दोन्हीचे विजेते शेवटी गादीवर भिडतात. या गटात ८६ ते १२५ किलोचे पैलवान असतात.
- लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये ३० सेकंद विश्रांती.
- समोरच्याला खाली आणून ताबा घेतला की २ गुण. उभ्यावरून थेट पाठीच्या बाजूने धोक्याच्या स्थितीत टाकलं तर ४.
- वर्तुळाबाहेर ढकललं की १ गुण.
- जो नुसताच रेटत राहतो, डाव करत नाही, त्याला पंच ताकीद देतात. मग ३० सेकंदांचं घड्याळ लागतं. त्यात गुण झाला नाही तर समोरच्याला १ गुण.
- दोन्ही खांदे टेकले की चितपट, लढत तिथेच संपली. पुढे किती गुण होते याला काही अर्थ नाही.

पाचवा नियम परत वाचा. कुस्तीत काहीच न करण्याचीही किंमत मोजावी लागते. दुकानातही लागते, फक्त तिथे शिट्टी वाजवायला पंच नसतो.

आता चार लढती. प्रत्येकीत मी तीन गोष्टी लिहिल्या आहेत: काय झालं, मी काय नोंदवलं आणि दुकानासाठी काय.

लढत पहिली: हर्षवर्धन सदगीर विरुद्ध शैलेश शेळके, पुणे, जानेवारी २०२०

काय झालं: नाशिककडून खेळणारा सदगीर आणि लातूरचा शेळके, दोघंही अर्जुनवीर काका पवार यांच्या पुण्यातल्या तालमीचे. एकाच वस्तादाचे दोन पठ्ठे फायनलला समोरासमोर. सहा मिनिटांत दोघांचे मिळून फक्त पाच गुण. सदगीर ३-२ ने जिंकला. जिंकल्यावर त्याने शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं. तो फोटो महाराष्ट्रभर फिरला.

मी काय नोंदवलं: गुणांच्या हिशेबाने ही लढत सुस्त वाटते. चार-चार गुणांचे डाव नाहीत, पोस्टर व्हावं अशी उचल नाही. पण दोघांना एकमेकांचा प्रत्येक डाव पाठ. रोज सकाळी ज्याच्याशी सराव केला त्यालाच फसवायचं, म्हणजे नवीन काही करणं जवळजवळ अशक्य. अशा लढतीत चुका कमी करणारा जिंकतो. माझ्याकडून गुणांसाठी मध्यम, पण ताऱ्यांसाठी पूर्ण, तेही शेवटच्या दहा सेकंदांमुळे.

दुकानासाठी: तुमच्या लाइनीत पाच दुकानं आहेत, सगळे एकाच होलसेलरकडून, म्हणजे इतवारीतून माल आणतात. सगळ्यांना सगळ्यांचे भाव माहीत. इथे ११-० ने जिंकायची स्वप्नं बघू नका. इथे ३-२ नेच जिंकायचं असतं. एक जास्तीचा रंग ठेवला, चेन बिघडली तर फुकट बसवून दिली, दहा मिनिटं लवकर शटर उघडलं, झालं. आणि शेजारचा हरला तर त्याला खांद्यावर घ्या. उद्या तुमच्याकडे एखादा साइज नसेल तेव्हा गिऱ्हाईक तुमच्याकडे कोण पाठवणार आहे?

लढत दुसरी: पृथ्वीराज पाटील विरुद्ध विशाल बनकर, सातारा, ९ एप्रिल २०२२

काय झालं: कोल्हापूरचा पृथ्वीराज पाटील सुरुवातीला मागे पडला. विशाल बनकरने आघाडी घेतली होती. नंतर पृथ्वीराजने एकेक गुण वसूल करत लढत ५-४ अशी काढली. कोल्हापूरला हा किताब दोन दशकांनी मिळाला.

मी काय नोंदवलं: मागे पडलेला पैलवान दोनपैकी एक चूक करतो. एक तर घाबरून मोठा डाव टाकायला जातो आणि स्वतःच उताणा पडतो, नाहीतर मनातून हरतो आणि वेळ काढतो. पृथ्वीराजने दोन्ही केलं नाही. माझ्याकडून गुणांसाठीही आणि ताऱ्यांसाठीही वरचा नंबर. ज्याला कुस्ती समजत नाही त्याला दाखवायची असेल तर ही दाखवा.

दुकानासाठी: सीझनचे पहिले दहा दिवस कोरडे गेले की आपण काय करतो? थेट 'पन्नास टक्के सूट'चा बोर्ड लावतो. तो चार गुणांचा डाव आहे, आणि बहुतेक वेळा आपणच उताणे पडतो. कारण सूट एकदा दिली की गिऱ्हाईक पुढच्या वर्षी ती सुरू होईपर्यंत थांबतं. मागे पडलात तर आधी बघा की एक गुण कुठे मिळेल. काल आलेलं पण न घेता गेलेलं गिऱ्हाईक कोण होतं? त्याला फोन करता येईल का? एकेक गुण. घड्याळ संपलेलं नाही.

लढत तिसरी: सिकंदर शेख विरुद्ध महेंद्र गायकवाड, पुणे, जानेवारी २०२३

काय झालं: माती विभागाची अंतिम लढत. महेंद्रने टांग मारली, सिकंदर खाली आला आणि पंचांनी महेंद्रला ४ गुण दिले. सिकंदर हरला. वाद पेटला. सिकंदर धोक्याच्या स्थितीत नव्हता, तिथे २ च गुण हवे होते, असं त्याच्या बाजूच्या लोकांचं म्हणणं. तो डाव हळू करून, थांबवून, गोल आखून लाखो मोबाइलवर फिरला. महेंद्र पुढे फायनलला गेला आणि शिवराज राक्षेकडून हरला.

मी काय नोंदवलं: मी तो डाव कितीतरी वेळा बघितला. पहिल्या वेळी मी सिकंदरच्या बाजूने होतो, म्हणून मला २ दिसले. मग मी आवाज बंद करून फक्त पाठ आणि मातीतला कोन बघायचा ठरवलं, आणि मला कळलं की मी ठामपणे काहीच सांगू शकत नाही. मी इथे निकाल देणार नाही. पण एक गोष्ट शिकलो: ज्याच्या बाजूने आपण आहोत त्याचा आढावा आपण घेऊ नये, किंवा घेतला तर आधी हे कबूल करावं.

खरी गोष्ट पुढे आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्ह्यातल्या फुलगावला पुढची स्पर्धा झाली. सिकंदर फायनलला आला. समोर गतविजेता शिवराज राक्षे. सिकंदरने त्याला अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट केलं. २ की ४, हा प्रश्नच त्या दिवशी शिल्लक राहिला नाही.

दुकानासाठी: अन्याय होतो. सप्लायर चुकीचा माल पाठवतो, ऑनलाइनवाले आपल्या खरेदीभावाच्या खाली विकतात, रस्ता खोदला की दोन महिने गिऱ्हाईक फिरकत नाही. हे सगळं खरं. आढाव्यात त्याला एक ओळ द्या, पान देऊ नका. पान पुढच्या नोव्हेंबरसाठी ठेवा.

लढत चौथी: अहिल्यानगर, फेब्रुवारी २०२५

काय झालं: गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. खांदे टेकलेच नाहीत, असं राक्षेचं म्हणणं. वादावादीत त्याने पंचाला लाथ मारली. त्यानंतर फायनलमध्ये मोहोळसमोर महेंद्र गायकवाड होता. शेवटचे काही सेकंद उरलेले असताना निर्णयावर नाराज होऊन महेंद्र मैदान सोडून गेला. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. राक्षे आणि गायकवाड, दोघांवर तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई झाली.

मी काय नोंदवलं: या दिवसाचा आढावा लिहिताना पेन अडलं. कारण मोहोळने मेहनतीने गदा जिंकली, पण दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याच्या डावांची चर्चा नव्हती. सगळे लाथेबद्दल बोलत होते. पंच बरोबर होते की चूक, यावर लोक पुढेही भांडत राहिले. पण समजा पंच चूक असते, तरी काय झालं असतं? एका लढतीच्या निर्णयाने एक वर्ष गेलं असतं. रागाच्या दोन सेकंदांनी तीन वर्षांचा प्रश्न उभा केला.

हे मी तोंड वर करून लिहीत नाहीये. का ते आता सांगतो.

माझा जून २०१९

बॅगच्या धंद्यात आमचं सोनं जूनमध्ये. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे १५ जून ते ५ जुलै हे वीस दिवस म्हणजे आमची फायनल. त्या वर्षी बाबांची तब्येत बरी नव्हती आणि खरेदी पहिल्यांदा पूर्णपणे माझ्या हातात होती.

मी ४२० शाळेच्या बॅगा भरल्या. सरासरी खरेदी ३८० रुपये, म्हणजे १,५९,६०० रुपये. सीझन संपला तेव्हा ३१० विकल्या होत्या, सरासरी ५२० ला, म्हणजे १,६१,२०० रुपये. आता वजाबाकी करा. वीस दिवस उभं राहून हातात उरले सोळाशे रुपये आणि ११० बॅगा. भाडं, वीज, पगार सगळं घरातून भरलं.

मी आढावा घेतला. माझा आढावा असा होता: पाऊस उशिरा आला. ऑनलाइनवाल्यांनी मारलं. आणि काउंटरवरचा पोरगा गिऱ्हाईक परत पाठवतो.

तिसरी गोष्ट मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. काटोलकडचा पोरगा, दोन वर्षं आमच्याकडे कामाला. मी गोडाऊनमधून येताना दोनदा त्याला "नाही आहे" म्हणताना ऐकलं, आणि गिऱ्हाईक पायरी उतरताना बघितलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, दुकानात दोन गिऱ्हाईकं असताना, मी त्याला वाट्टेल ते बोललो. "तुझ्यामुळं सीझन गेला" असंही बोललो. त्याने काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी किल्ली बाबांकडे देऊन गेला.

दिवाळीत दुकान साफ करताना जुनी बिलबुकं काढली. जूनच्या बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने उभ्या रेघा मारलेल्या होत्या, पाच-पाचच्या जुड्या करून. वर त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मोठी बॅग नाही'. मी मोजल्या. त्रेसष्ट.

मग मी पहिल्यांदा खरा आढावा घेतला. मोठ्या बॅगा, आठवी ते बारावीच्या पोरांच्या, मी फक्त ६० भरल्या होत्या. त्या २२ जूनलाच संपल्या, शाळा उघडायच्या आधी. लहान, कार्टूनवाल्या बॅगा भरल्या होत्या १२०, कारण होलसेलरने 'शंभराच्या वर घ्या, पाच टक्के जादा' अशी स्कीम दिली होती. त्यातल्या ४६ विकल्या, ७४ पडून. उरलेल्या ३६ मधल्या साइजच्या. पोरगा गिऱ्हाईक परत पाठवत नव्हता. माझी खरेदी गिऱ्हाईक परत पाठवत होती.

त्रेसष्ट गिऱ्हाईकं, बॅगेमागे किमान १४० रुपये मार्जिन, म्हणजे ८,८२० रुपये. आणि ७४ लहान बॅगांत अडकलेले २८,१२० रुपये. पाच टक्के वाचवायला मी हे केलं होतं.

मी त्याला शोधत गेलो. तो दुसऱ्या एका दुकानात लागला होता. मी माफी मागितली आणि विचारलं, "अरे, हे तू मला सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "भाऊ, तुम्हीच म्हटलं होतं, जे विकलं ते लिहायचं. जे नाही विकलं ते कुठं लिहू, म्हणून मागं लिहिलं."

तो परत आला नाही. बरोबरच केलं त्याने. पगार आणि माणूस, दोन्ही तिथे बरे होते. पण आमच्या दुकानाच्या वहीत तेव्हापासून एक रकाना आहे, त्याचं नाव 'नाही'. आणि जानेवारी २०२० पासून मी महाराष्ट्र केसरीची फायनल वही घेऊन बघतो. ते म्हातारे पैलवान जे करत होते त्याचा सराव म्हणून.

आढाव्याची वही: पाच रकाने

फार मोठी सिस्टिम नको. शंभर पानी वही घ्या, आडवी धरा, पाच रकाने आखा.

१. गुण. काय विकलं, किती, किती मार्जिनने. फक्त आकडे. इथे 'बरं चाललं' असं लिहायचं नाही.

२. नाही. जे मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं. हा रकाना काउंटरवरचा माणूस भरेल, मालक नाही. आणि भरल्याबद्दल त्याला कधीही बोलायचं नाही. एकदा बोललात की रकाना कायमचा रिकामा.

३. तारे. आठवड्यातून पाच गिऱ्हाईकांना एक प्रश्न: "पुढच्या वेळी आमच्याकडे काय असायला पाहिजे?" 'आमचं दुकान कसं वाटलं' असं विचारू नका, सगळे छानच म्हणतात.

४. पंच. आपल्या हातात नसलेल्या गोष्टी: पाऊस, रस्ता, ऑनलाइनचे भाव. प्रत्येकीला एक ओळ.

५. पुढचा डाव. एकच. दहा नाही, एकच. पुढच्या आठवड्यात काय बदलणार आणि ते कोण करणार.

दोन सूचना. पहिली, सीझन संपल्याच्या रात्री आढावा घेऊ नका. तेव्हा आपण एक तर राक्षेसारखे संतापलेले असतो, नाहीतर गदा मिळाल्यासारखे हवेत. दोन दिवस जाऊ द्या, पण दोन आठवडे नको, तोपर्यंत आपण गोष्ट सोयीची करून टाकतो. दुसरी, माणसाचं नाव सगळ्यात शेवटी लिहा. आधी माल, मग वेळ, मग भाव, मग जागा. हे चारही तपासून झाले आणि तरी कारण सापडलं नाही, तरच माणसाकडे वळा. आणि त्यातही पहिलं नाव स्वतःचं.

या आठवड्याचा गृहपाठ

सोपं काम आहे. वरच्या चारपैकी कोणतीही एक लढत मोबाइलवर बघा, आवाज बंद करून. समालोचक तुमच्या वतीने विचार करतो, म्हणून आवाज बंद. प्रत्येक गुण कसा आला ते एकेका ओळीत लिहा. शेवटी एकच वाक्य: हरणारा का हरला. 'नशीब', 'दम' आणि 'पंच' हे तीन शब्द वापरायचे नाहीत.

जमलं की त्याच पद्धतीने तुमच्या मागच्या सीझनबद्दल एक वाक्य लिहा. तेच तीन शब्द इथेही बंद, आणि चौथा शब्द 'ऑनलाइन' पण बंद.

आणि हो, आज घरी जाण्याआधी तुमच्या बिलबुकाचं मागचं पान उलटून बघा. कोणी काही लिहून ठेवलं असेल.

पुढच्या व्हिडिओत आपण स्कीमचा माल कधी घ्यायचा आणि कधी हात जोडायचे ते बघू. माझ्या त्या ७४ कार्टून बॅगांचं पुढे काय झालं, तेही त्यातच सांगतो. भेटूया.